घटस्फोट नको, नुसतं वेगळं राहायचंय: मग कोर्टाकडे नेमकं काय मागायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लग्नाला चौदा वर्षं झाली, मुलगी अकरा वर्षांची. गेल्या जूनपासून तुम्ही तिला घेऊन सिंहगड रोडला आई-वडिलांकडे राहता. नवरा वाकडच्या फ्लॅटमध्ये आहे. फ्लॅट दोघांच्या नावावर आणि कर्जही दोघांच्या नावावर. मारहाण नाही, पण महिनोन्महिने अबोला, पाहुण्यांसमोर पाणउतारा, आणि पगाराचा हिशेब बायकोला कळूच द्यायचा नाही असा खाक्या. दुसरं लग्न तुम्हाला करायचं नाही. आई म्हणते, घटस्फोटाचा शिक्का नको, कोर्टाकडून वेगळं राहण्याची परवानगी घे. कॅलिफोर्नियातली मावसबहीण म्हणते, लीगल सेपरेशन हाच मधला मार्ग. तुम्ही विचारताय की या दोन्हींत सोपं काय. शिवाय पुढच्या महिन्यात सासऱ्यांची पंचाहत्तरी आहे, तिथे जावं की नाही.

मी पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करते आणि हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. बहुतेक वेळा तो आईच्या तोंडून येतो, मुलगी शेजारी गप्प बसलेली असते.

आधी 'परवानगी'चं बघू. वेगळं राहायला कोर्टाची परवानगी लागत नाही. तुम्ही आत्ता राहताच आहात आणि त्यात बेकायदा काही नाही. नवऱ्यानं हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली 'नांदायला या' म्हणून केस केली आणि समजा जिंकलीसुद्धा, तरी पोलीस येऊन तुम्हाला वाकडला नेऊन सोडत नाहीत. असा हुकूमनामा पाळला नाही तर फार तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. त्याचा खरा परिणाम वेगळाच आहे, तो पुढे सांगते. तेव्हा 'वेगळं राहता यावं' एवढ्याचसाठी कोर्टात जायचं असेल तर जाऊ नका.

आता मधला मार्ग. आपल्याकडे याला न्यायिक विभक्तता म्हणतात, कोर्टात सगळे ज्युडिशियल सेपरेशन म्हणतात. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम १०. हुकूम झाला की एकत्र राहण्याचं बंधन संपतं, लग्न मात्र कायम राहतं. ऐकायला सौम्य वाटतं. पण १९७६ च्या दुरुस्तीपासून त्याची कारणं तीच आहेत जी घटस्फोटाची: क्रूरता, व्यभिचार, दोन वर्षांचा परित्याग (जोडीदाराला कारणाशिवाय सोडून जाणं) वगैरे. म्हणजे कलम १० चा अर्ज केलात तरी तुम्हाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून नवऱ्याची क्रूरता सिद्ध करावीच लागणार. त्याचा वकील तुमची उलटतपासणी घेणारच. तुमचे व्हॉट्सॲप मेसेज वाचले जाणार, आईला साक्षीला आणायचं का हा प्रश्न येणार, तारखा पडत राहणार. विरोध असला तर दोन्ही प्रकारच्या केसला काही वर्षं सहज लागतात. घटस्फोटाला जेवढा पुरावा लागतो तेवढाच इथेही लागतो, आणि हातात येतं ते निम्मं. म्हणून 'सोपं काय' याचं उत्तर 'सेपरेशन' असं मी कधीच देत नाही.

मावसबहिणीचं खोटं नाही, पण ते तिकडचं आहे. कॅलिफोर्नियात 'आमचं जमत नाही' एवढं कारण पुरतं, आणि मालमत्तेची वाटणी त्याच आदेशात होते. आपल्याकडे संसारात उभ्या केलेल्या मालमत्तेची आपोआप निम्मी-निम्मी वाटणी करणारा कायदाच नाही. गोव्याची गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या नातेवाइकांचे सल्ले ऐकून आलेल्या अशिलांचा पहिला तास ते सल्ले विसरायला लावण्यात जातो.

यापुढचा मुद्दा आईला मुद्दाम वाचून दाखवा. विभक्ततेच्या हुकमानंतर एक वर्षभर नवरा-बायको पुन्हा एकत्र नांदले नाहीत, तर कलम १३(१अ) प्रमाणे दोघांपैकी कोणीही त्याच कारणावर घटस्फोट मागू शकतं. कोणीही, म्हणजे ज्याच्याविरुद्ध हुकूम झाला तोसुद्धा. हडपसरकडच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). त्यांनी दुसऱ्या वकिलामार्फत मोठ्या कष्टानं विभक्ततेचा हुकूम मिळवला होता. मनात हेतू असा, की मी त्याच्याबरोबर राहणार नाही, पण त्याला मोकळाही करणार नाही. त्या हुकमाला त्या कुलूप समजत होत्या. वर्ष उलटून काही आठवडे झाले आणि नवऱ्याच्या घटस्फोटाच्या अर्जाचं समन्स आलं. माझ्यासमोर बसून त्या एकच विचारत राहिल्या, "केस मी जिंकले होते ना?" जिंकल्या होत्या. पण नवरा दर महिन्याच्या पाच तारखेला पोटगी बँकेतून पाठवत होता, कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. घटस्फोट झाला.

याला अपवाद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. २००१ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं अशा नवऱ्याला घटस्फोट नाकारला. हुकूम झाल्यानंतरही त्यानं पोटगी दिली नव्हती आणि बाहेरचे संबंधही चालूच ठेवले होते. स्वतःच्या चुकीचा फायदा घेता येत नाही, हे तत्त्व तिथे लागू झालं. पण नुसतं 'तिला नांदवायला गेला नाही' एवढ्यानं ती चूक ठरत नाही. तुमचा नवरा हिशेबी आहे असं तुम्हीच लिहिलंय. तो पाच तारीख चुकवणार नाही.

कलम ९ चा जो परिणाम पुढे सांगते म्हटलं, तोही याच कलम १३(१अ) मध्ये आहे. नांदायला येण्याचा हुकूम झाला आणि वर्षभर तो पाळला गेला नाही, तर तेही घटस्फोटाचं कारण होतं. म्हणून कलम ९ ची नोटीस आली तर ती 'येऊ देत, मी जाणारच नाही' म्हणून बाजूला टाकायची नाही. वेगळं राहण्याचं कारण त्यात मांडून उत्तर द्यायचं.

मग हा मार्ग कोणी घ्यावा? काहींनी नक्की घ्यावा. माझ्या एका अशील बाई साठी ओलांडलेल्या, नवरा सरकारी नोकरीतून निवृत्त, मुलं मार्गी लागलेली. त्यांना एका छताखाली राहणं असह्य झालं होतं, पण पत्नी म्हणून असलेले हक्क सोडायचे नव्हते, विशेषतः कुटुंब निवृत्तिवेतन. घटस्फोट झाला की तो हक्क जातो. विभक्ततेत नातं कायद्यानं शिल्लक असल्यामुळे दार उघडं राहतं, मात्र विभक्तता कोणत्या कारणावर झाली, मुलं आहेत का, यावर त्या त्या खात्याचे नियम बदलतात. ते नियम आधी वाचून मगच आम्ही अर्ज केला. नवऱ्यालाही सत्तरीच्या उंबरठ्यावर दुसरा डाव मांडायचा नव्हता, त्यामुळे वर्षानंतरच्या घटस्फोटाची भीती कमी होती. तिथे हा उपाय चपखल बसला.

तसंच, ज्यांचा धर्म घटस्फोट मानत नाही अशांसाठी. कॅम्पातल्या कॅथलिक कुटुंबांतून असे प्रश्न येतात, त्यांना ख्रिश्चनांचा १८६९ चा घटस्फोट कायदा लागतो. किंवा लग्नाला वर्षही झालं नाही पण राहणं अशक्य आहे, अशा मुलींसाठी. पहिल्या वर्षात घटस्फोटाचा अर्ज सहसा करता येत नाही, विभक्ततेचा करता येतो. आणि ज्यांना खरंच वाटतं की वर्ष-दोन वर्षं अंतर पडलं तर संसार सावरेल, त्यांच्यासाठी. पुन्हा एकत्र आलात तर कोर्टाकडून हुकूम मागे घेता येतो. घटस्फोटानंतर मात्र पुन्हा लग्नच करावं लागतं. तुम्ही नोंदणी पद्धतीनं विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं असेल तर कलमांचे आकडे बदलतील, तर्क साधारण हाच. मुस्लिम कुटुंबांचा कायदा वेगळा आहे, त्याबद्दल इथे काही सांगत नाही.

तुमच्या पत्रात यातलं काहीच दिसत नाही. संसार सावरेल अशी आशा तुम्ही एका ओळीतही लिहिलेली नाही. लिहिलंय ते पैशाबद्दल, घराबद्दल, मुलीबद्दल आणि लोकांबद्दल. लोकांना बाजूला ठेवलं, तर उरलेल्या तिन्ही गोष्टींसाठी ना घटस्फोट लागतो ना विभक्तता, आणि वेगळं राहणाऱ्या बायकांना नेमकं हेच कोणी सांगत नाही.

पोटगी आत्ता मागता येते, लग्न कायम ठेवून. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम १८ खाली सबळ कारणानं वेगळी राहणारी पत्नी स्वतंत्र निर्वाहखर्च मागू शकते. पोटगीसाठीच नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे, जे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १२५ म्हणून ओळखलं जायचं. आणि कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे. त्याचं नाव ऐकून तुम्ही म्हणाल, पण मारहाण नाही ना. त्या कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाच आहे. खर्चाला पैसे न देणं, संयुक्त मालमत्ता वापरू न देणं यात मोडतं. त्यात राहण्याच्या हक्काचा आदेशही मिळतो. वाकडचा फ्लॅट तुमच्या नावावर आहेच, पण तो सासऱ्यांच्या नावावर असता तरी एकत्र राहिलेल्या घरात राहण्याचा हक्क मागता आला असता, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय.

पोटगी किती, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मैत्रिणी नक्की सांगतील की पगाराच्या २५ टक्के. हा आकडा एका निकालात आला आणि मग सगळीकडे फिरला. तो नियम नाही. तुमची कमाई, त्याची कमाई, त्याचे हप्ते, मुलीची फी, घरभाडं वाचतंय का, सगळं बघून न्यायाधीश ठरवतात. २०२० च्याच आणखी एका निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून मिळते. पगाराचा हिशेब चौदा वर्षं लपवणाऱ्या माणसाला पहिल्यांदा आकडे लिहून सही करावी लागते ती या प्रतिज्ञापत्रावर. त्यात पगार, बोनस, शेअर, विमा, गाडी, क्रेडिट कार्ड असे रकाने असतात. खोटं लिहिलं तर त्याचे परिणाम आहेत. आयटी कंपनीत कंपनीचे शेअर मिळतात, ते विसरण्याची प्रथा आहे. तुमच्या संयुक्त खात्याची जुनी स्टेटमेंटं आजच डाउनलोड करून ठेवा, आणि घरच्या कपाटात त्याच्या फॉर्म १६ च्या प्रती असतील तर त्यांचेही फोटो असू द्या. त्याच्या मेलमध्ये किंवा फोनमध्ये शिरू नका, ते तुमच्याच अंगलट येईल.

आता घर. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पुण्यात माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक जोडप्यांचं खरं भांडण कर्जावरच्या फ्लॅटवर अडतं. कोर्टात तुम्ही काहीही ठरवलं तरी बँकेला ते बांधील नाही. 'फ्लॅट त्याचा, कर्ज त्याचं' असं संमतीपत्रात (दोघांनी मान्य करून कोर्टात दिलेल्या अटींच्या कागदात) लिहिलं आणि त्यानं सहा महिन्यांनी हप्ते थांबवले, तर बँकेची नोटीस तुम्हाला येणार आणि सिबिल तुमचा खराब होणार. मार्ग दोनच धड आहेत: विकून कर्ज फेडून उरलेलं वाटून घ्यायचं, किंवा एकानं दुसऱ्याचा हिस्सा घ्यायचा आणि बँकेकडून दुसऱ्याचं नाव कर्जातून काढल्याचं पत्र हातात घ्यायचं. 'मुलगी अठराची होईपर्यंत राहू दे दोघांच्या नावावर' हा तिसरा मार्ग बऱ्याच घरांतली ज्येष्ठ मंडळी सुचवतात. मला तो आवडत नाही. सात वर्षं प्रत्येक गळक्या नळासाठी आणि सोसायटीच्या प्रत्येक पत्रासाठी एकमेकांना फोन करावा लागतो.

हिस्सा घेण्याचं ठरलं तर क्रम महत्त्वाचा. महाराष्ट्रात नवरा-बायकोमध्ये राहत्या घराचं बक्षीसपत्र (मोबदला न घेता नावावर करून देण्याचा दस्त) केलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर महापालिका हद्दीतला अधिभार आणि नोंदणी. घटस्फोटाचा हुकूम झाला की तुम्ही नवरा-बायको नसता आणि ही सवलत जाते. तेव्हा बँकेची संमती घेऊन दस्त हुकमाच्या आधी नोंदवायचा, आणि संमतीपत्रात त्याचा उल्लेख करायचा. नुसत्या या क्रमामुळे लोकांचे लाखो रुपये वाचलेले मी बघितलेत.

वारसाहक्काचं थोडक्यात, पण दुर्लक्ष नको. विभक्ततेचा हुकूम असला तरी तुम्ही एकमेकांचे वारस राहता. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं आणि मृत्युपत्र नसलं, तर तुमच्या निम्म्या फ्लॅटमध्ये मुलीबरोबर नवराही वाटेकरी. आत्ताही तीच परिस्थिती आहे. घटस्फोटानंतर तो वारस राहत नाही, पण जुन्या नामनिर्देशनातलं नाव आपोआप पुसलं जात नाही. पीएफ, विमा, एफडी सगळीकडे तुम्हालाच बदलावं लागतं. मृत्युपत्र या आठवड्यात करा. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी होतं.

आरोग्यविम्याबद्दल तुम्ही लिहिलंय की त्याच्या कंपनीची पॉलिसी आहे, म्हणून सेपरेशन बरं. कायद्यानं पत्नी असलात तरी पुढच्या नूतनीकरणाला तो तुमचं नाव वगळू शकतो, आणि त्यानं नोकरी बदलली तर प्रश्नच मिटला. तुम्हाला थायरॉइडचा त्रास आहे. वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजाराला जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागू शकतं. ती मुदत जितक्या लवकर सुरू होईल तितकी बरी. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते आधी विचारा, कारण त्यात आधीची वर्षं मोजली जाऊ शकतात. विम्याच्या हप्त्यासाठी नात्याचा कायदेशीर दर्जा ठरवू नका.

मुलगी. ताबा आणि भेटी दोन्ही प्रकारच्या केसमध्ये मागता येतात, आणि दोन्हींत कसोटी एकच: मुलीचं हित. अकरा वर्षांच्या मुलीशी न्यायाधीश सहसा स्वतः बोलतात, आई-बापांना बाहेर बसवून. शिवाजीनगरच्या कोर्टात मुलांच्या भेटीसाठी खेळण्यांची खोली आहे. तिथे दर शनिवारी एकमेकांकडे न बघता मूल हस्तांतरित करणारी जोडपी बघितली की वाटतं, भेटीचं वेळापत्रक आपसांत ठरलेलं केव्हाही बरं. तुमची मुलगी आत्ता रविवारी वडिलांकडे जाते, ते बंद करू नका. कितीही राग आला तरी. आणि एक लक्षात असू द्या, मुलीच्या खर्चावरचा तिचा हक्क तुम्ही दोघं मिळूनही सोडू शकत नाही.

इथवरचं एकत्र मांडते. विभक्ततेला घटस्फोटाइतकाच पुरावा लागतो, वर्षानंतर ती नवऱ्याच्याही हातात घटस्फोटाचं कारण देते, आणि तुम्हाला हव्या असलेल्या पोटगी, घर, मुलगी या गोष्टी तिच्याशिवाय मिळतात.

'मग मी काय करू?' यावर माझं मत, पत्रात आहे तेवढ्या माहितीवर. येत्या जूनमध्ये वेगळं राहून तुम्हाला वर्ष होतंय. वर्ष झालं की कलम १३ब खाली परस्पर संमतीचा अर्ज करता येतो. त्यात क्रूरता सिद्ध करायची नसते, कोणी कोणावर चिखलफेक करायची नसते. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं. २०१७ च्या निकालापासून, पुरेसा काळ वेगळं राहणं झालं असेल आणि सगळ्या गोष्टी मिटल्या असतील तर ही मुदत माफ होऊ शकते. हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, हा यातला धोका आहे. म्हणून पैशाचा मोठा भाग शेवटच्या तारखेला कोर्टासमोर हातात पडेल अशी अट घालावी, आधी पूर्ण हक्क सोडून मोकळं होऊ नये.

आता ते जूनपर्यंतचे महिने रिकामे घालवायचे नाहीत. वेगळं का राहताय हे नवऱ्याला एकदा लेखी कळवा, शांत भाषेत, मेलवर. कारण असं की दोन वर्षं झाली की तोच 'बायको कारणाशिवाय सोडून गेली' म्हणून परित्यागाचा अर्ज करू शकतो, आणि तेव्हा हा मेल उपयोगी पडतो. पोटगीचा अर्ज करायचा की आधी बोलणी, हे तो मुलीच्या फीचे पैसे देतोय का यावर ठरवा. देत असेल तर आधी बोला, एखादा मध्यस्थ घ्या. टाळत असेल तर अर्ज करा, बोलणी नंतरही होतात. खरं तर प्रतिज्ञापत्र भरायची वेळ आली की बोलणी जास्त लवकर होतात.

तो संमतीला तयारच झाला नाही तर? मग क्रूरतेच्या कारणावर घटस्फोट मागायचा आणि पर्यायी मागणी म्हणून विभक्तता ठेवायची. पुरावा काठावरचा वाटला तर कोर्ट कलम १३अ खाली घटस्फोटाऐवजी विभक्तता देऊ शकतं. अशा वेळी ती पायरी म्हणून उपयोगी आहे, कारण मग वर्षाचं घड्याळ तुमच्या बाजूनं चालतं. अबोला आणि पाणउतारा यांना क्रूरता मानतात का? मानतात, पण एका प्रसंगावरून नाही. तारखा, साक्षीदार, मेसेज असं सगळं मिळून चित्र उभं राहावं लागतं. वहीत आठवेल तसं लिहायला लागा.

आणि तुमचीच अजून मनाची तयारी झाली नसेल, तर काहीच दाखल न करणं हाही निर्णय आहे. खर्च, भेटी, हप्ते यांबद्दल एक लेखी करार करून राहता येतं. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून होतो, पण त्याला घटस्फोट समजू नका. नोटरीसमोर सोडचिठ्ठी लिहून घेतली आणि दुसरं लग्न केलं, असे लोक आजही येतात. समाजाची रूढी सिद्ध करता आली नाही तर तो कागद कोर्टात टिकत नाही आणि दुसरं लग्न गुन्हा ठरतं.

खर्चाची काळजी तुम्ही सहज म्हणून लिहिलीय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कार्यालय शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातच आहे. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशकही असतात. त्यांच्यासमोर बसायचं म्हणजे 'मिटवून घ्या' असं ऐकायचं, ही भीती अगदीच खोटी नाही, पण चांगला समुपदेशक मुलीच्या भेटी आणि फीचा प्रश्न दोन बैठकांत सोडवतो, ज्याला आम्हा वकिलांना चार महिने लागतात. मेट्रोनं या, पार्किंगच्या नादी लागू नका.

आईच्या 'शिक्क्या'बद्दल मी वाद घालणार नाही. त्यांचा काळ वेगळा आणि काळजी खरी. फक्त त्यांना हे विचारा की मुलीच्या लग्नाच्या वेळी 'आई-वडील विभक्त आहेत, कोर्टाचा हुकूम झालाय' हे सांगणं त्यांना 'घटस्फोट झालाय' यापेक्षा किती सोपं वाटतं.

राहिली पंचाहत्तरी. जा. कार्यक्रमाला जाणं, पंगतीत बसणं, सासऱ्यांना ओवाळणं म्हणजे पुन्हा नांदणं नव्हे. पती-पत्नी म्हणून एकत्र राहण्याला कायदा महत्त्व देतो, एका फोटोला नाही. रात्री वाकडला मुक्काम मात्र करू नका, उगाच वर्ष मोजताना वाद नको. आणि तुमचे दागिने तुमच्या नि सासूबाईंच्या संयुक्त लॉकरमध्ये आहेत असं लिहिलंय, त्यासाठी हे चांगलं निमित्त आहे. लग्नात माहेरून आणि सासरहून तुम्हाला मिळालेलं सोनं हे तुमचं स्त्रीधन आहे. सासूबाईंना आधी सांगून, दिवसाढवळ्या बँकेत जा, लॉकरच्या रजिस्टरमध्ये सही करा, फक्त स्वतःचे दागिने काढा, तिथेच फोटो घ्या. त्याच संध्याकाळी यादी आणि फोटो नवऱ्याला मेल करून टाका. कार्यक्रमानंतर ते परत त्या लॉकरमध्ये ठेवायला जाऊ नका, स्वतःच्या नावावर दुसरा लॉकर घ्या.